बसऱ्याला गेलेला माणूस

कोकणात आणि साताऱ्याकडे काही घरांत सांगतात, पणजोबांचा थोरला भाऊ जर्मनच्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, इराकमधल्या बसऱ्याला गेला तो परत आला नाही. गोष्ट तिथेच थांबते. नाव आठवतं, पलटणीचा आकडा आठवत नाही. आणि शोधाला तोच आकडा फार उपयोगी पडतो.

त्या काळी मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे आकडे होते. १९२२ साली फेररचनेत ते बदलले. ११० वी मराठा रेजिमेंटची तिसरी झाली आणि आज तीच भारतीय लष्कराची २ पॅरा आहे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. महिना ११ रुपयांवर राबणारे हे शिपाई नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्यात शिरले. बरोबर वर्षाने, २२ नोव्हेंबर १९१५ ला, बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्की फौजेशी गाठ पडली ती भारी पडली. चार हजारांहून अधिक माणसं ठार-जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून मागे आणलं. मोडलेल्या हाडांचा माणूस त्या गाडीत कसा पडून राहिला असेल, याची कल्पना करवत नाही.

मग माघार घेत फौज कूत गावात थांबली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला, तो जवळपास पाच महिने चालला. पीठ आटत गेलं. घोड्याचं मांस होतं. पण धर्माच्या आणि गावाकडच्या जातभाईंच्या धाकाने हिंदी शिपायांनी ते कित्येक आठवडे तोंडात घातलं नाही. भाजी नाही, म्हणून हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं. विमानांतून पिठाची पोती टाकली, ती पुरली नाहीत. सोडवायला आलेल्या फौजेचीच सुमारे २३ हजार माणसं कामी आली किंवा जखमी झाली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजारांनी शस्त्रं ठेवली. सेनापती टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर घर मिळालं. शिपाई उन्हातून चालत निघाले; बगदाद, मोसूल आणि पुढे रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर. वाटेत हगवणीने, भुकेने, मारहाणीने पडलेल्यांना माती कोणी दिली, अग्नी मिळाला का, हे घरच्यांपर्यंत कधीच पोचलं नाही.

ज्यांची कबर सापडली नाही, अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ साली बसऱ्यात स्मारक उभं राहिलं. इंग्रज मृतांची नावं भिंतीवर कोरली. हिंदी फौजेतले जमादार-सुभेदार नावानिशी आले. नाईक, हवालदार, शिपाई मात्र पलटणीखाली नुसत्या आकड्यात गेले. दोनच वर्षांआधी फ्रान्समध्ये नव्ह शापेलला ४७०० हून अधिक हिंदी मृतांची नावं, शिपायांसकट, कोरली होती. म्हणजे जमत होतं. युरोपच्या वाटसरूला जे दाखवायचं होतं ते इराकच्या वाळूत गरजेचं वाटलं नाही, असंच मला म्हणावं लागतं. २०२१ मध्ये ही स्मारकं उभारणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली.

याच ब्रिटिश साम्राज्याने मृतांच्या वारसांना काशाची गोल ताटली पाठवली होती. तिच्यावर मुद्दाम हुद्दा घातला नव्हता, फक्त नाव. मरणात सगळे सारखे म्हणून. ज्या शिपायाच्या आईच्या हाती ती पडली, तिच्याकडे बसऱ्याच्या भिंतीपेक्षा जास्त होतं. या लढाईसाठी मिळालेल्या चांदीच्या मेडलच्या कडेवरही नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. अडीअडचणीला ही मेडलं सोनाराकडे वितळली, आणि घरातला एकमेव कागद नाहीसा झाला. ट्रंकेच्या तळाशी काळं पडलेलं नाणं सापडलं, तर घासून चकचकीत करू नका. आधी भिंगाखाली कडा वाचा.

मेडल नसेल तरी वाट आहे. भिंतीवर नसलेली नावं कमिशनच्या नोंदवह्यांत आहेत आणि त्या आता संगणकावर शोधता येतात. आडनावाच्या मागे लागून उपयोग थोडा. इंग्रजी कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, पुष्कळदा आडनाव घेतलंच नाही. पण अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा आहे. तेव्हा गावाच्या नावापासून सुरुवात करा, आणि त्याची स्पेलिंगं जितकी सुचतील तितकी करून पाहा.