आगिर्रेचं दशक

२०२५ साली व्हेनिसच्या महोत्सवात वर्नर हर्झोग यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. तो प्रदान करायला होते फ्रान्सिस फोर्ड कपोला, ज्यांनी ‘अपोकॅलिप्स नाऊ’वरचा हर्झोगच्या ‘आगिर्रे, द रॅथ ऑफ गॉड’चा प्रभाव कधीच मान्य केलेला आहे. बातमीने आनंद झाला; त्यानंतर जे छापून आलं त्याने मात्र मन खट्टू झालं. सगळीकडे तेच किस्से: चोरलेला कॅमेरा, क्लाउस किन्स्कीचं सेटवरचं थैमान, बंदुकीची धमकी, डोंगरावरून ओढलेलं जहाज. चित्रपट काय सांगतो, यावर चार ओळीही नाहीत.

महायुद्धानंतरची जर्मन सिनेमाची पहिली पंधरा-सतरा वर्षं भराभर उलटली तरी फारसं बिघडत नाही. हिरवी कुरणं, गोड प्रेमकथा आणि कालच्या पापाविषयी बहुतेक मौन. १९६२ मध्ये ओबरहाउझेनला २६ तरुणांनी जुना सिनेमा संपल्याचं जाहीर केलं, पण पीक हाती यायला आणखी दहा वर्षं गेली. खरा बहर १९७२ ते १९८२ या काळातला. फासबिंडर, वेंडर्स, श्लोन्डॉर्फ, फॉन ट्रोटा आणि हर्झोग. मॅक्सम्युलर भवनाच्या कृपेने त्यांचे चित्रपट आम्हा फिल्म सोसायटीवाल्यांपर्यंत पोचत. प्रिंटवर ओरखडे असत, खुर्च्या टोचत, पण खेळानंतर तासभर वाद घातल्याशिवाय कुणी घरी जात नसे.

त्या वादांत सर्वाधिक रान पेटवलं ते ‘आगिर्रे’ने. काळ १५६०चा. अँडीजच्या धुक्यातून एक उभा कडा उतरणारी मुंग्यांसारखी रांग दिसते. जवळ गेल्यावर कळतं, चिलखतं घातलेले स्पॅनिश सैनिक, साखळदंडातले आदिवासी, पालखीत बसवलेल्या बायका आणि चिखलात रुतणारी तोफ. हे सगळे निघालेत एल डोराडो नावाच्या सोन्याच्या राज्याच्या शोधात, जे कुठेच नाही. लोपे दे आगिर्रे बंड करतो, एका थुलथुलीत सरदाराला तराफ्यावरच सम्राट करतो. शिपाई मक्याचे दाणे मोजून खातात आणि सम्राट फळं खातो. डोळ्यांपुढे जो काठ सरकतो, तो सगळा आपल्या मालकीचा झाल्याची नोंद गंभीरपणे कागदावर होते. त्या काठावर उतरायची मात्र कुणाची छाती होत नाही, कारण झाडीतून बाण येतात.

खरा आगिर्रे पेद्रो दे उर्सुआच्या मोहिमेत होता. त्याने उर्सुआचा काटा काढला, राजा दुसऱ्या फिलिपला उद्धट पत्र लिहिलं आणि अ‍ॅमेझॉन पार करून समुद्र गाठला. शेवटी स्वतःच्या मुलीला मारलं, आणि ऑक्टोबर १५६१ मध्ये बार्किसिमेतोला तो मारला गेला. हर्झोग यांनी इतिहास बेधडक वाकवला. त्या मोहिमेच्या आधीच मेलेला गोन्झालो पिझारो यात आहे. दुसऱ्याच, वीसेक वर्षं आधीच्या मोहिमेतला फ्रायर कार्वाहाल निवेदक आहे. तरीही सत्तेच्या वेडाचं सत्य त्यात पुरेपूर उतरलं. चित्रपटातला आगिर्रे एकही लढाई जिंकत नाही. प्रेतांमध्ये, माकडांच्या झुंडीत एकटा उभा राहून तो नव्या साम्राज्याची स्वप्नं बोलून दाखवतो आणि कॅमेरा त्याच्या तराफ्याभोवती घिरट्या घालत राहतो.

हे सगळं साधारण ३ लाख ७० हजार डॉलरमध्ये झालं, आणि त्यातला तिसरा हिस्सा आगिर्रे साकारणाऱ्या किन्स्कीने नेला. पैशाची एक बाजू हेसिशर रुंडफुंक या सार्वजनिक प्रसारकाने उचलली होती. टीव्हीवरही दाखवला गेल्याने जर्मनीत थिएटरचा धंदा बसला, पण चित्रपट बनला तो त्याच पैशामुळे. १९७४ मध्ये टीव्ही आणि सिनेमा यांच्यात रीतसर करार झाला, आणि तिकीटबारीची पर्वा न करणाऱ्या कल्पनांना आधार मिळाला. दिग्दर्शकांच्या वेडाचे गोडवे गाणाऱ्यांना हा व्यवहार दिसत नाही.

त्या वेडाचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. ‘प्रतिभावंताला सगळं माफ’ असं सोसायटीच्या वादांत छातीठोकपणे सांगणारे कमी नव्हते. २०१३ मध्ये किन्स्कीची थोरली मुलगी पोला हिने वडिलांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांविषयी पुस्तक लिहिलं. त्यानंतर त्याच्या थयथयाटाच्या किश्शांवर हसणाऱ्यांनी स्वतःला प्रश्न विचारायला हवा होता. हर्झोग यांच्याच ‘फिट्झकराल्डो’ या चित्रपटाच्या वेळी पेरूतल्या अग्वारुना लोकांनी छावणी जाळली, तीही त्यांना न विचारता त्यांच्या जमिनीवर पाय ठेवल्यामुळे. जेत्यांचा मूर्खपणा दाखवणाऱ्या दिग्दर्शकावर जेत्यासारखं वागल्याचा आरोप झाला, हे दुखतं, पण लपवून चालणार नाही.

१९८२ मध्ये बहर ओसरला. ‘फिट्झकराल्डो’ला कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, जूनमध्ये ३७ वर्षांचा फासबिंडर गेला, ऑक्टोबरमध्ये हेल्मुट कोल यांचं सरकार आलं. पुढच्याच वर्षी गृहमंत्री झिमरमान यांनी दिग्दर्शक हर्बर्ट आख्टरनबुश यांच्या ‘दास गेश्पेन्स्ट’ या चित्रपटाचं उरलेलं अनुदान रोखलं. पुढची वर्षं चटकन सांगून संपतात: सुरक्षित विषय, सुरक्षित पैसा.

आपल्याकडेही फिल्म सोसायट्यांची गर्दी ओसरली, आणि ऐतिहासिक चित्रपटांची लाट आली. तिथे बहुतेक नायक पहिल्या मिनिटापासून विजयी असतो, सैन्य संगणकावर वाढवलेलं असतं, थिएटरात घोषणा होतात. सोन्याच्या हव्यासाची किंमत कुणी मोजली, हे विचारणारा ‘आगिर्रे’सारखा चित्रपट आज निर्मात्याच्या टेबलवरून पुढे सरकणार नाही. म्हणून ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी किस्से ऐकायच्या आधी तो पाहावा. आणि इतिहासावर चित्रपट काढणाऱ्यांनी तर जरूर पाहावा. जेत्याला देव करणं सोपं असतं. त्याच्या हाती काय उरलं, हे दाखवण्याची हिंमत फार थोड्यांनी केली आहे.