परसातील मोकळ्या कोंबड्यांचा समतोल आहार : शेंद्रा परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

ग्रामीण अर्थव्यवस्थेचा विचार करताना शेती, दुग्धव्यवसाय आणि शेळीपालन यांची चर्चा विस्ताराने होते; परसातील पाच-दहा कोंबड्या मात्र बहुधा त्या चर्चेबाहेरच राहतात. वास्तविक पाहता २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील एकूण ८५.१८ कोटी कुक्कुटवर्गीय पक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातील असल्याचे दिसून आले. २०१२ च्या तुलनेत ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, तर याच काळात व्यावसायिक कुक्कुटपालनातील वाढ पाच टक्क्यांच्याही आत राहिली. परसातील हे पक्षी बहुतांशी घरातील स्त्रीच्या देखरेखीखाली असतात. अंडी व कोंबडा विकून येणारी रक्कम लहान असली तरी ती कोणाला न विचारता खर्च करता येते, हे तिचे मोल आकड्यांत सहसा उतरत नाही.

या कोंबड्यांच्या आहाराविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे : कोंबडी आपले पोट आपण भरते. हा समज निराधार नाही. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी होत. मोकळ्या कोंबडीच्या बाबतीत समतोल आहार म्हणजे पोल्ट्रीप्रमाणे संपूर्ण खाद्य पुढ्यात टाकणे नव्हे. तिला फिरून काय मिळते, काय मिळत नाही, आणि जे मिळत नाही तेवढेच भरून कसे काढावे, याचे उत्तर स्थळ व ऋतू यांनुसार बदलते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यालगत असलेल्या शेंद्रा परिसराच्या अनुषंगाने केला आहे.

बदललेले परस

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून शेंद्रा येथील पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत मोटारनिर्मितीसह अनेक उद्योग आले. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या योजनेत शेंद्रा-बिडकीन हा पट्टा ‘ऑरिक’ या नावाने विकसित होऊ लागला. भूसंपादनाच्या सामाजिक परिणामांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोंबडीच्या दृष्टीने पाहिल्यास या बदलाचा अर्थ निराळा व अत्यंत मूर्त आहे. शेत गेले की खळे जाते. खळ्यावर सांडलेले ज्वारी-बाजरीचे दाणे, बांधावरचे कोवळे गवत, नांगरलेल्या काळ्या जमिनीतील किडे व हुमणीच्या अळ्या, गोठ्यामागचा उकिरडा हे सारे कमी होत जाते. त्याऐवजी वाढते ते घरांतील व भाड्याच्या खोल्यांतील उष्टे-खरकटे. मळणी यंत्रामुळे खळ्यावरची सांडलवंड तशीही पूर्वीइतकी राहिलेली नाही.

कुक्कुटविज्ञानात मोकळ्या पक्ष्याला परिसरातून मिळू शकणाऱ्या एकूण अन्नसाठ्याची स्वतंत्र संकल्पना आहे. श्रीलंकेत १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ग्रामीण कोंबड्यांच्या अन्नपुटातील, म्हणजे गळ्याखालच्या थैलीतील, अन्नाचे पृथक्करण करण्यात आले. त्यात सुमारे सात-दशांश वाटा घरातील टाकाऊ अन्नाचा होता. किडे, गवत व धान्य यांचा मिळून उरलेला. अर्थात कोंबडी रानातील किड्यांवर जगते हे चित्र तेथेही अंशतःच खरे ठरले. शेंद्र्यासारख्या अर्धनागर गावात खरकट्याचे प्राबल्य अधिकच असणार, हे ओघाने येते.

खरकट्याचा दोष असा की त्यात भाकरी, पोळी व भात, म्हणजे पिष्टमय पदार्थ, भरपूर असतात. प्रथिने व खनिजे तुटपुंजी असतात. शिवाय त्यात मीठ असते. कोंबडीच्या एकूण खाद्यात मिठाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत राहावे लागते. लोणच्याचा खार वा फरसाणाचा चुरा मोठ्या कोंबडीला एखादे वेळी सोसतो; पाण्याची टंचाई असताना लहान पिलांना मात्र तो जिवावर बेतू शकतो.

औद्योगिक परिसरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. न्यूयॉर्क शहरातील सामुदायिक बागांमध्ये पाळलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत शिसे उतरल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. मातीत शिसे जितके अधिक, तितके ते अंड्यात उतरण्याचा संभव अधिक. कोंबडी माती उकरून खाते, त्यामुळे मातीतील दोष अंड्यापर्यंत पोहोचतो. यावरून कोणत्याही विशिष्ट वसाहतीची माती दूषित आहे असे अनुमान काढणे गैर ठरेल. तथापि जुन्या बॅटऱ्या फोडण्याची जागा, रंग खरवडलेले भंगार, प्लॅस्टिक व तारा जाळल्याचे ढीग यांपासून कोंबड्या दूर ठेवणे आणि दाणा जमिनीवर न फेकता परातीत वा कुंड्यात देणे, एवढी दक्षता कोणालाही घेता येण्यासारखी आहे.

प्रथिनांचा हिशोब

गावरान कोंबडीचे अंडे साधारणतः ४० ते ४५ ग्रॅमचे असते. त्यात सुमारे १२ टक्के प्रथिने धरल्यास एका अंड्यासाठी पाच ग्रॅम प्रथिने लागतात. अंड्यावर असलेली कोंबडी दिवसाआड अंडे देते असे मानले, तर रोज अडीच ग्रॅम प्रथिने शरीराबाहेर जातात. खाल्लेल्या प्रथिनांपैकी निम्मीच अंड्यात उतरतात असे स्थूलमानाने धरल्यास केवळ अंड्यापोटी रोज पाच ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. शरीराच्या निर्वाहाची गरज यापेक्षा वेगळी. ती कोंबडी फिरून भागवते.

हे पाच ग्रॅम कोठून येणार? पावसाळ्याच्या प्रारंभी उडणारी वाळवी, पतंग, गांडुळे व उकिरड्यातील अळ्या यांतून ते सहज मिळतात. सुगीत दाणे मुबलक असतात, पण ज्वारीत प्रथिने जेमतेम १० टक्के, आणि त्यांतही लायसिन या अत्यावश्यक अमिनो आम्लाची उणीव असते. उन्हाळ्यात तर किडे व हिरवा चारा दोन्ही आटतात. मराठवाड्याचा उन्हाळा लक्षात घेता मार्च ते मे या काळात मोकळी कोंबडी अर्धपोटी राहते असे नव्हे, तर ती भाकरीच्या तुकड्यांवर पोट भरून प्रथिनांवाचून राहते. अंडी थांबली की दोष उष्णतेला दिला जातो. उष्णता कारणीभूत असतेच. पण ती एकटी नसते.

यावर उपाय महाग नाही. दहा कोंबड्यांसाठी रोज सुमारे ३०० ग्रॅम पूरक खाद्य पुरते. त्यात २०० ग्रॅम ज्वारीचा वा मक्याचा भरडा, ८० ग्रॅम शेंगदाणा पेंड अथवा तेल काढलेली सोयाबीन पेंड, आणि उरलेला भाग कोंडा व क्षारमिश्रण असावा. भरड्यातून प्रत्येक कोंबडीला सुमारे दोन आणि पेंडीतून साडेतीन ग्रॅम, म्हणजे एकूण साडेपाच ग्रॅम प्रथिने मिळतात. वर मांडलेल्या गरजेशी हा आकडा जुळतो. पाऊस पडून किडे मुबलक झाले की पेंड निम्म्यावर आणता येते. सुगीत भरडा जवळजवळ बंद करून पेंड तेवढी चालू ठेवावी. वर्षभर एकाच मापाने ज्वारी टाकण्याची जी रीत दिसते ती नेमकी उलटी आहे : सुगीत कोंबडीला ज्वारीची गरज सर्वांत कमी असते, आणि हाताशी असल्यामुळे तेव्हाच ती सर्वांत जास्त टाकली जाते.

तुरीची चुणी, हरभऱ्याची चुणी व तिळाची पेंड यांचाही उपयोग होतो. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन चांगले असल्याने ती सोयाबीनला पूरक ठरते. अझोल्याचा अलीकडे मोठा बोलबाला आहे. वाळलेल्या अझोल्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात हे खरे, पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. मूठभर ओल्या अझोल्यातून, म्हणजे शंभरेक ग्रॅममधून, दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. हिरवा चारा म्हणून तो उत्तम. पेंडीला पर्याय म्हणून त्याकडे पाहणे योग्य नव्हे. शेवग्याचा पाला व लसूणघास यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज भागते आणि बलक गर्द पिवळा होतो. गर्द बलक हे हिरवा चारा मिळाल्याचे लक्षण आहे, अंड्यातील प्रथिने वाढल्याचे नव्हे.

चुन्याचा प्रश्न

बेचाळीस ग्रॅमच्या अंड्याचे कवच साधारण साडेचार ग्रॅमचे असते आणि त्यात सुमारे १.७ ग्रॅम कॅल्शियम असते. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम अवघे २५ मिलिग्रॅम. म्हणजे एका कवचाचे कॅल्शियम केवळ ज्वारीतून मिळवायचे, तर कोंबडीने जवळजवळ सात किलो ज्वारी खाल्ली पाहिजे! मातीतील चुनखडीचे खडे, गोगलगाईंची कवचे व हिरवा पाला यांतून मोकळी कोंबडी काही वाटा मिळवते. तो कमी पडला की ती आपल्या हाडांतून कॅल्शियम उपसते. पातळ कवचाची अंडी, लंगडणे आणि स्वतःचीच अंडी फोडून खाण्याची खोड यांमागे पुष्कळदा हेच कारण असते.

येथे निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. अंड्यावर असलेल्या कोंबडीला कॅल्शियमची ओढ वाटते व ती ते निवडून खाते. त्यामुळे शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवावी, खाद्यात मिसळू नये. मिसळल्यास तलंगा व कोंबडे यांनाही ती नाइलाजाने खावी लागते. घरातील अंड्यांची टरफले भाजून, वाळवून व चुरून देता येतात. कवच तयार होण्यास सुमारे वीस तास लागतात व त्यातील बराच काळ रात्रीचा असतो, म्हणून हे भांडे संध्याकाळी भरलेले असावे. गारगोटीचे बारीक खडे ही मात्र वेगळी बाब आहे. ते पेषणीत दाणे दळण्याचे काम करतात, कवचासाठी त्यांचा उपयोग नाही.

टाळावयाच्या गोष्टी

मराठवाड्यात सहज मिळणाऱ्या तीन पदार्थांविषयी सावधगिरी आवश्यक आहे. पहिला पदार्थ कच्चे सोयाबीन. त्यात प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. ते भाजल्यावर किंवा शिजवल्यावरच निष्प्रभ होतात. घरचे सोयाबीन आहे म्हणून भरडून तसेच दिल्यास पिलांची वाढ खुंटते. दुसरा, सरकी पेंड. म्हशीसाठी ती घरात असतेच. तिच्यातील गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो आणि सरकीच्या तेलातील विशिष्ट मेदाम्लांमुळे पांढऱ्या भागावर गुलाबी छटा येते. अशी अंडी ग्राहक परत करतो व गावरान अंड्याचे नाव खराब होते.

तिसरा व सर्वांत गंभीर पदार्थ म्हणजे बुरशी आलेले धान्य. कापणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी व ओला मका माणसांच्या उपयोगाचा नाही म्हणून कोंबड्यांकडे जातो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी दगावले. त्याचे मूळ शेंगदाणा पेंडीवरील बुरशीत सापडले आणि त्यातूनच अफलाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसाने भिजलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी व अतिसार झाल्याचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. बाधित घरांतील ते धान्य कोंबडीच्या पिलांना खाऊ घातल्यावर त्यांनाही अतिसार झाला. निवडून टाकलेले धान्य कोंबडीला चालते ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागते. भाजल्याने अफलाटॉक्सिन पूर्णपणे नष्ट होत नाही. धान्य मुळातच कडक उन्हात वाळवून कोरड्या जागी ठेवणे हाच मार्ग उरतो.

खाद्य देण्याची वेळ, पिले आणि जात

पूरक खाद्य सकाळी खुराडे उघडताच दिल्यास कोंबड्या दारातच रेंगाळतात व फिरून मिळणारे फुकटचे अन्न वाया जाते. संध्याकाळी दिल्यास त्या वेळेवर परततात, मोजता येतात आणि रात्री कवच घडताना त्यांचे पोट भरलेले असते. पाणी मात्र सकाळपासून सावलीत हवे. उन्हाळ्यात पाण्यावाचून खाल्लेले खाद्य अंगी लागत नाही.

पिलांची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत त्यांना सुमारे २० टक्के प्रथिने असलेले खाद्य लागते, पण मोठ्या कोंबड्यांच्या गर्दीत त्यांच्या वाट्याला काही येत नाही. डालगे पालथे घालून त्याला पिलू शिरेल एवढ्याच फटी ठेवल्या व आत खाद्याचे भांडे ठेवले, तर हा प्रश्न विनाखर्च सुटतो. मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची लस दिली नसेल, तर एका साथीत सारी पिले जातात आणि खाद्यावरचा खर्चही त्यांच्याबरोबर जातो.

आहार सुधारला म्हणून गावरान कोंबडी वनराजा वा ग्रामप्रियाइतकी अंडी देणार नाही. वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देणाऱ्या या कोंबडीचा बराच काळ खुडूक राहण्यात व पिले सांभाळण्यात जातो. आहाराने अंड्यांची संख्या काहीशी वाढते, पण मोठा फरक कवच, पिलांची जगवणूक व उन्हाळ्यातील टिकाव यांत पडतो. याउलट हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या या सुधारित जाती वजनदार किंवा अधिक अंडी देणाऱ्या असल्याने त्यांची भूकही मोठी असते. योजनेतून मिळालेली अशी पिले गावरान कोंबडीप्रमाणे खरकट्यावर सोडली की काही महिन्यांत ती रोडावतात, आणि मग जात वाईट असा निष्कर्ष काढला जातो. त्यांना पूरक खाद्याचे माप गावरानाच्या दीडपट ते दुप्पट धरावे लागते. ते परवडत नसेल तेथे पिले वाटण्याआधीच गावरान कोंबडीची शिफारस करणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते.