महिलांची नेटवर्किंग मीटिंग ऑनलाइन न्यायचीय? मग आधी चहाचा ब्रेक वाचवा

(मित्रांनो, तुम्हीही वाचा. बायको, बहीण किंवा पार्टनर गट चालवत असेल तर तिला पाठवा.)

या आठवड्याच्या व्हिडिओत झूमची सेटिंग्ज स्क्रीनवर दाखवली. बटणं दाखवण्यातच वेळ संपला, आणि बटणांच्या मागचा विचार सांगायचा राहिला. खरा प्रश्न तर तोच आहे, म्हणून तो इथे सविस्तर लिहितेय.

समजा तुमचा चाळीस जणींचा गट आहे. कोणी केटरिंग करते, कोणी जीएसटीची रिटर्न भरून देते, कोणाचं बुटिक, कोणाचं ब्युटी पार्लर, कोणी एलआयसी एजंट. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हॉलमध्ये भेटता. मग हॉलचं भाडं वाढतं, दोघी-तिघी दुसऱ्या गावी जातात, कोणाचं बाळ लहान असतं. कोणीतरी म्हणतं, "ऑनलाइन करू या ना, सोपं पडेल." सगळ्या हो म्हणतात. पहिल्या मीटिंगला पस्तीस जणी येतात, दुसऱ्या महिन्यात वीस, चौथ्या महिन्यात आठ, आणि त्यातल्या पाच कमिटीच्याच असतात! सहाव्या महिन्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त सुप्रभात उरतं.

याला आपण "बायकांना इंटरेस्टच नाही" म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. ज्या बाईचा निम्मा धंदा ओळखीतून येतो, तिला इंटरेस्ट नसेल कसा? गट मोडला की दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, लग्नसराईतली मेहंदीची कामं, एखाद्या कंपनीच्या गिफ्ट बॉक्सचं काम, हे सगळं हातातून जातं. नुकसान थेट गल्ल्यात दिसतं.

हॉलमध्ये नेमकं काय घडत होतं?

तुमच्या शेवटच्या हॉल मीटिंगचा विचार करा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, चाळीस मिनिटांचं भाषण, आभार. यातून कोणाला ऑर्डर मिळाली? बहुतेक वेळा नाही. ऑर्डर मिळाली ती चहाच्या टेबलापाशी, चपला घालताना, पार्किंगमध्ये, नाहीतर "मी त्याच बाजूला चाललेय, सोडते तुला" म्हणत स्कूटीवर. भाषण हे तिथे येण्याचं निमित्त होतं.

आपल्याकडे ही पद्धत जुनीच आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं आठवा. वाण देणं-घेणं दोन मिनिटांत होतं, पण कोणाची मुलगी कुठे शिकतेय, कोणाच्या पापडाला चव आहे, कोण शिवण शिकवतं, हे सगळं तिथेच कळतं. 1959 मध्ये मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. त्यांना एकत्र आणायला कोणतंही अधिवेशन भरवावं लागलं नव्हतं, शेजार पुरेसा होता.

आता ऑनलाइन नेताना बहुतेक गट काय करतात? भाषण नेतात आणि चहा सोडतात. स्क्रीनवर चाळीस चौकोन, एक बाई बोलतेय, बाकी एकोणचाळीस म्यूटवर. होस्ट सगळ्यांसाठी मीटिंग बंद करते आणि सगळ्या एका सेकंदात गायब. पार्किंग नाही, चपला नाहीत, स्कूटी नाही.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा की नवी नोकरी, नवी बातमी, नवी संधी ही जिवलग मैत्रिणीकडून कमी आणि अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून जास्त येते. कारण उघड आहे. जिवलग मैत्रिणीला जे माहीत, ते तुम्हालाही माहीतच असतं. पुढे 2020 मध्ये सगळे घरून काम करायला लागले, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या 61 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास झाला. त्यात दिसलं की लोक आपापल्या टीममध्येच जास्त गुरफटले आणि वेगवेगळ्या टीममधले पूल कमी झाले. म्हणजे ऑनलाइन गेल्यावर जवळच्या माणसांशी बोलणं टिकतं, दूरची ओळख आपोआप होत नाही. ती घडवून आणावी लागते.

मग चहाचं टेबल स्क्रीनवर कसं मांडायचं?

बीएनआय हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 1985 मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं हे व्यावसायिकांचं नेटवर्क. 2020 मध्ये त्यांच्या आठवड्याच्या मीटिंगा झूमवर गेल्या आणि चालल्या. त्यांच्याकडे प्रत्येकाला ठरावीक सेकंदांत ओळख द्यावी लागते, कोणाला कोणता रेफरन्स दिला याची नोंद होते. शिस्तीचं सगळं ऑनलाइन जातं. जे बिनशिस्तीचं, गप्पांचं असतं, त्याच्यासाठी मुद्दाम जागा करावी लागते.

ती जागा म्हणजे ब्रेकआउट रूम. झूमच्या फुकट खात्यातही ही सोय आहे, पण आधी वेबसाइटवर लॉगिन करून सेटिंगमध्ये चालू करावी लागते. (व्हिडिओत हे दाखवलंय.) होस्टने लॅपटॉपवरच बसावं, मोबाईलवरून या खोल्या सांभाळणं जिकिरीचं होतं. गुगल मीटच्या फुकट खात्यात ही सोय मिळत नाही, म्हणून या कामासाठी मी झूमच सांगते.

फुकट झूमला 40 मिनिटांची मर्यादा आहे. लोक कुरकुरतात, मला ती आवडते. पाच मिनिटं स्वागत. मग चार-चार जणींच्या खोल्या, दहा मिनिटं. परत या, खोल्या बदला, पुन्हा दहा मिनिटं. शेवटची दहा मिनिटं सगळ्या एकत्र: कोणाला काय हवंय, कोण काय देऊ शकतं. प्रत्येक जण सहा जणींशी समोरासमोर बोलली. खरं सांगा, हॉलमध्ये तुम्ही सहा नव्या बायकांशी बोलत होतात? आपण येताना जिच्याबरोबर आलो, तिच्याच शेजारी बसत होतो.

खोल्यांमध्ये कोणाला बसवायचं हे मशीनवर सोडू नका. आदल्या दिवशी कागदावर जोड्या लावा. केटरिंगवाली आणि इव्हेंटवाली एका खोलीत. दोन केटरर एका खोलीत नकोत, निदान पहिल्या महिन्यात तरी नकोत. नव्या सभासदाबरोबर एक बोलकी जुनी सभासद हवीच. हे काम किचकट आहे, पण गट टिकवणारं खरं काम हेच आहे.

आणि खोलीत पाठवताना एक प्रश्न देऊन पाठवा. "ओळख करून घ्या" म्हटलं की चौघी नाव-गाव सांगून गप्प बसतात. "या महिन्यात मला कोणत्या एका माणसाशी ओळख हवीय?" असं विचारा. "मला कॉर्पोरेट ऑर्डर हव्यात" यावर कोणी काही करू शकत नाही. "सातपूरच्या एखाद्या कंपनीच्या एचआरमध्ये कोणी ओळखीचं आहे का?" म्हटलं की एकीला आपला दीर आठवतो.

ज्यांचा माल चाखायचा, हातात घ्यायचा असतो त्यांचं काय? चकली स्क्रीनवरून कशी खाणार! दर महिन्याला दोन सभासदांचे नमुने आधी पोचवा. छोटं पाकीट, आत कार्ड. गावात असेल तर कोणीतरी फिरून देईल, बाहेरगावी एसटी पार्सलने जातं. मीटिंगमध्ये सगळ्या एकदम पाकीट उघडतात, तेव्हा तिला बोलावं लागतच नाही, बाकीच्याच बोलतात.

घरात बसून मोकळं बोलता येतं का?

आता जरा अवघड विषय. ऑनलाइनमुळे काही जणींची मोठी सोय झाली. सिन्नर-निफाडकडून येणारीला संध्याकाळची एसटी चुकायची भीती राहिली नाही. बाळंतपणानंतर सहा महिने घरात असलेली पुन्हा आली. "एवढ्या लांब कशाला जायचं?" हा प्रश्नच उरला नाही.

पण हॉलचं एक काम होतं ते आपल्या लक्षात आलं नव्हतं. महिन्यातले दोन तास ती बाई घराबाहेर, आपल्यासारख्यांमध्ये होती. तिथे ती म्हणू शकत होती, "मशीनसाठी दोन लाखांचं कर्ज काढायचंय, घरी अजून बोलले नाही." आता तीच बाई बेडरूमच्या कोपऱ्यात बसलीय, बाजूला सासूबाई, बाहेर टीव्ही. फोन स्पीकरवर. तिने मीटिंगमध्ये पैशाबद्दल काय बोलावं? ती "सगळं छान चाललंय" म्हणते आणि कॅमेरा बंद करते. आपण समजतो तिला रस नाही.

शिवाय घरात दिसतेय म्हणजे रिकामी आहे, असं घरच्यांना वाटतं. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी 299 मिनिटं त्यात जात होते, पुरुषांचे 97. तेव्हा रात्री आठची मीटिंग ठेवून "बायका येत नाहीत" म्हणू नका. आठला कुकर लावायचा असतो. तुमच्या गटाला विचारा. बऱ्याच जणींना दुपारी तीन ते चार जमतं: जेवणं आटोपलेली, मुलं शाळेत किंवा झोपलेली. नोकरीवाल्या जास्त असतील तर शनिवारची सकाळ.

यावर माझे उपाय साधे आहेत. एक, इअरफोन सक्तीचे करा. समोरच्यांचं बोलणं घरात ऐकू गेलं नाही की अर्धी अडचण सुटते. दोन, ज्याबद्दल मोठ्याने बोलता येत नाही ते होस्टला चॅटमध्ये खासगी लिहून पाठवायची मुभा द्या, आणि कमिटीतल्या एकीने आठवड्याभरात तिला फोन करावा, तिच्या सोयीच्या वेळी. तीन, गच्चीवरून, दुकानातून, उभ्या केलेल्या गाडीतून जॉइन झालेलीला हसू नका. तिने जागा शोधलीय.

कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्तीही नको. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये दहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास केला. व्हिडिओ कॉलने खूप थकल्याचं 13.8 टक्के स्त्रियांनी सांगितलं, पुरुषांमध्ये हे प्रमाण 5.5 टक्के होतं. मोठं कारण काय, तर सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसणं. जणू कोणी तासभर आरसा धरून उभं आहे! झूममध्ये "हाइड सेल्फ व्ह्यू" असा पर्याय आहे. आपण इतरांना दिसतो, स्वतःला दिसत नाही. पहिल्याच मीटिंगला सगळ्यांना तो दाबायला शिकवा.

सुरक्षेचं थोडक्यात. मीटिंगची लिंक फेसबुकवर उघडी टाकू नका. 2020 मध्ये अशा लिंकांवरून नको ते लोक घुसायला लागले, म्हणून त्या एप्रिलमध्ये झूमला पासवर्ड आणि वेटिंग रूम आपणहून सुरू ठेवावी लागली. तुम्ही ती बंद करू नका. स्क्रीनशॉट काढायचा तर विचारून, आणि रेकॉर्डिंग फक्त पाहुण्यांच्या बोलण्याचं. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. गट मोठा असेल तर कम्युनिटी करून सूचना तिथून द्या.

पैसे, आणि हॉल पूर्ण सोडायचा का?

नाही सोडायचा, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशोब करून बघा. हॉल 4000 रुपये, चहा-नाश्ता माणशी 120 म्हणजे चाळीस जणींचे 4800. एका मीटिंगचे 8800. वर्षाच्या बारा मीटिंगा म्हणजे 1,05,600. वर्षातून चार वेळा हॉलमध्ये आणि आठ वेळा ऑनलाइन भेटलात तर 70,400 रुपये वाचतात. त्यातून नमुन्यांची पाकिटं, गरज वाटली तर झूमचं पैसे भरून घ्यायचं खातं, आणि एखाद्या प्रदर्शनात गटाचा एकत्र स्टॉल.

ऑनलाइन मीटिंग फुकट मात्र ठेवू नका. पन्नास रुपये का होईना, आदल्या दिवशीपर्यंत यूपीआयने घ्या. पन्नास रुपये भरलेली बाई तीन वाजता घरच्यांना सांगू शकते, "माझे पैसे भरलेत, मला तासभर हाक मारू नका." हे कारण घरात चालतं, बघा तुम्ही.

हॉलच्या चार भेटींत भाषण अजिबात ठेवू नका. ऑनलाइन खोल्यांमध्ये ज्यांच्याशी बोललो त्यांना आता प्रत्यक्ष भेटायचं, माल हातात घ्यायचा, दर ठरवायचे. जिला घरात बोलता येत नाही तिला इथे बोलू द्यायचं. दीड तास मोकळा, चहा दोनदा.

आणि दर मीटिंगनंतर दुसऱ्या दिवशी एकीने ग्रुपवर यादी टाकायची: कोणाला काय हवंय, कोणी काय देते म्हटलं. पंधरा दिवसांनी तीच यादी पुन्हा टाकायची, समोर "झालं" किंवा "बाकी" लिहून. हे काम कमिटीतल्या सगळ्यात खमक्या बाईला द्या. तिला कोणी "बघते" म्हणून टाळू शकत नाही.

जोड्या लावायचा कागद कसा तयार करायचा, ते पुढच्या व्हिडिओत चोवीस जणींचं उदाहरण घेऊन करून दाखवते. तोपर्यंत तुमच्या सभासदांची यादी काढा आणि प्रत्येकीच्या नावापुढे दोनच गोष्टी लिहा: ती काय विकते, आणि तिला दिवसातली कोणती वेळ खरोखर मोकळी मिळते.