विलायतेच्या पावसाला कोट कोणता घ्यावा?

आपल्या वस्त्यांतून शिकून पुढे गेलेली मुलेमुली आज इंग्लंड-स्कॉटलंडात नोकऱ्या करीत आहेत. कोणी डॉक्टर, कोणी परिचारिका, कोणी संगणक अभियंता. मुलांच्या पाठोपाठ आईवडिलांचेही तिकडे जाणे होते. चार-पाच महिने राहून, नातवंडांचे मुख पाहून ते परत येतात. अशा घरात पुष्कळदा एक कुत्राही असतो. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत. मग कुत्र्याला फिरवून आणण्याचे काम आपसूकच आजी-आजोबांकडे येते. ते त्यांना आवडतेही. कारण त्या निमित्ताने घराबाहेर पडता येते, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी दोन शब्द होतात आणि पायही मोकळे होतात.

परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. माणसाला पावसात घरी बसता येते, कुत्र्याला येत नाही. पाऊस असो, वारा असो, त्याला दिवसातून निदान एक-दोनदा बाहेर न्यावेच लागते. अशा वेळी साठी-सत्तरीतला माणूस अंगावर काय घालून बाहेर पडतो, हा प्रश्न नटण्याचा नाही, प्रकृतीचा आहे. म्हणूनच या लेखात कोटाविषयी चार उपयोगाच्या गोष्टी सांगावयाच्या आहेत.

तो पाऊस आपला नव्हे

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लंडनला वर्षभरात पडतो तो साधारण ६०० मिलिमीटर. हे आकडे पाहून कोणालाही वाटेल, "एवढासा पाऊस! त्याचे काय घेऊन बसलात?" पण फसगत होते ती इथेच. आपला पाऊस धो धो कोसळतो, पण तो उबदार असतो. भिजलो तरी घरी येऊन अंग पुसले, चहा घेतला की झाले. तिकडचा पाऊस बारीक, चिवट आणि बाराही महिन्यांचा. जानेवारीत लंडनचे दिवसाचे तापमान सरासरी ८ अंशांच्या आसपास असते आणि रात्री ते २-३ अंशांवर उतरते. त्यात वारा. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. शिवाय एका हातात कुत्र्याची दोरी असताना दुसऱ्या हाताने छत्री सांभाळणे म्हणजे पडण्याला निमंत्रण.

हवेपेक्षा पाणी अंगातील उष्णता जवळजवळ २५ पट वेगाने ओढून घेते. म्हणून कोरडी थंडी सोसते, ओली थंडी सोसत नाही. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले तर तो धोक्याचा आजार समजला जातो, आणि वयस्कर माणसांना तो लवकर गाठतो. तरुणाला हुडहुडी भरते, तो धावत घरी येतो. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी आपण गारठलो आहोत हेही उशिरा समजते.

गरम वेगळा, जलरोधक वेगळा

कोटाला दोन कामे करावयाची असतात. बाहेरचे पाणी व वारा अडवणे हे पहिले. अंगची ऊब धरून ठेवणे हे दुसरे. ही दोन कामे एकच कापड क्वचितच करते. आपल्याकडचा प्लॅस्टिकचा रेनकोट पाणी अडवतो, पण ऊब देत नाही. लोकरीचा कोट ऊब देतो, पण तासभराच्या पावसात पाणी पिऊन जड होतो.

पाणी अडवण्याची युक्ती जुनी आहे. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापड तयार करण्याचे पेटंट घेतले. आजही इंग्रज माणूस रेनकोटाला 'मॅक' म्हणतो, तो त्यांच्याच नावावरून. आपल्याकडे कलकत्त्याच्या सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली सुरू केलेल्या कारखान्यातून 'डकबॅक'चे रेनकोट आले आणि अनेक घरांत ते वर्षानुवर्षे खुंटीला दिसत. मात्र रबर काय नि प्लॅस्टिक काय, पाणी बाहेर ठेवते तसा घामही आत कोंडते. अर्धा तास चालले की माणूस आतून ओला होतो आणि थांबला की तोच घाम थंड पडतो. यावर उतारा १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांना सापडला. त्यांनी एका विशिष्ट प्लॅस्टिकला झटक्याने ताणून असा पडदा तयार केला की त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून घामाची वाफ बाहेर जाते, पण पावसाचा थेंब आत येत नाही. 'गोरटेक्स' म्हणतात ते हेच. आता या तऱ्हेची इतरही कापडे स्वस्तात मिळतात.

आत ऊब देणारे अस्तर दोन प्रकारचे असते. एक बदकाच्या मऊ पिसांचे, दुसरे कृत्रिम धाग्याचे. पिसांचा कोट हलका व फार उबदार असतो, पण पिसे भिजली की त्यांचा लगदा होतो आणि ऊब संपते. रोज पावसात चालणाऱ्याने म्हणूनच कृत्रिम अस्तर पसंत करावे. ते थोडे ओले झाले तरी ऊब टिकवते आणि लवकर वाळते.

आपल्या माणसांना सर्वांत सोयीचा म्हणजे 'थ्री-इन-वन' कोट. बाहेरचे जलरोधक जाकीट आणि आतले फ्लीसचे उबदार जाकीट एकमेकांना चेनने जोडलेले असते. कडाक्याच्या थंडीत दोन्ही घालावे, पावसाळी उन्हाळ्यात नुसते बाहेरचे, घरात नुसते आतले. परत आल्यावर बाहेरचे जाकीट मुंबई-पुण्याच्या पावसात आणि आतले नागपूरच्या डिसेंबरात कामी येते. एका खर्चात तीन कामे होतात.

लेबल काय सांगते?

लेबलावर 'वॉटर रेझिस्टंट' किंवा 'शॉवरप्रूफ' असे लिहिले असेल तर तो कोट भुरभुर पावसापुरताच समजावा. 'वॉटरप्रूफ' असे स्पष्ट लिहिलेले हवे. पुष्कळ कोटांवर मिलिमीटरमध्ये एक आकडाही असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला असता पाणी आत झिरपू लागते, त्याचे ते माप आहे. साधारणतः १५०० मिलिमीटरपासून कापड जलरोधक म्हणवले जाते. रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्यास ५००० पुरते. वाऱ्यापावसाच्या गावी राहणे असेल तर १०,००० घ्यावे. २०,००० हे डोंगर चढणाऱ्यांसाठी. त्याचे पैसे आपण का भरावे?

आकडा मोठा असला तरी शिवण उघडी असेल तर सारे व्यर्थ. सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येते. कोट उलटा करून पाहावा. आतून शिवणींवर पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. खांदे आणि टोपी या दोन जागा विशेष पाहाव्यात.

दुकानात हे करून पाहा

कोट पातळ सदऱ्यावर घालून पाहू नये. आत जो स्वेटर घालणार तो अंगात घालूनच माप घ्यावे. नंतर पुढील गोष्टी न लाजता तिथेच कराव्यात.

दोन्ही हात वर करा. कोट कमरेवर चढतो का? खाली वाका, उकिडवे बसण्याचा प्रयत्न करा. त्या देशात कुत्र्याने केलेली घाण मालकाने उचलून पिशवीत घालावी लागते, नाहीतर नगरपरिषद दंड करते आणि तो बहुधा १०० पौंड असतो. तेव्हा वाकणे रोजचेच आहे. गुडघ्याखाली पोहोचणारा कोट वाकू देत नाही, कमरेपर्यंतचा मांड्या भिजवतो. अर्ध्या मांडीपर्यंतचा बरा. चेन वरून व खालून, दोन्हीकडून उघडणारी असेल तर वाकणे आणखी सोपे जाते.

टोपी डोक्यावर घेऊन मान डावी-उजवीकडे वळवा. टोपी मानेबरोबर वळली पाहिजे. ती जागीच राहिली तर रस्ता ओलांडताना बाजूची मोटार दिसणार नाही. टोपीला पुढे लहानशी झडप असावी, म्हणजे चष्म्यावर पाणी येत नाही.

मनगटाशी वेल्क्रोची पट्टी हवी. कुत्रा दोरी ओढतो तेव्हा हात वर होतो आणि पाणी बाहीतून थेट कोपरापर्यंत जाते. खिसे निदान चार असावेत. एकात पिशव्या, एकात कुत्र्याचा खाऊ, एकात घराची किल्ली, आणि आतल्या कोरड्या खिशात मोबाईल व घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. हातमोजे घालून खिसा उघडता येतो का, हेही पाहावे.

साडी, ओढणी आणि दोरी

आपल्या मायमाउल्यांनी आयुष्यभर साडी नेसली. कोट कितीही चांगला असला तरी निऱ्या खाली भिजतात, आणि ओला काठ पायांत घोटाळतो. बाहेर पडण्यापुरती तरी विजार व वर जलरोधक विजार घालण्यात संकोच कसला? घरी येऊन साडी नेसावी. ओढणी मात्र बाहेर लोंबती ठेवूच नये. दोरीत अडकली आणि कुत्रा धावला तर गळ्याला फास बसावयाचा. मफलर असला तरी त्याची टोके कोटाच्या आत खोचावीत. दोरी हाताला गुंडाळू नये, कुत्र्याने हिसडा दिला तर मनगट जायबंदी होते. पायांत रबरी, खाचा असलेल्या तळव्याचे बूट हवेत. चपला नकोत.

आत सुती बनियनऐवजी लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे गरम कपडे घालावेत. सुती कापड घाम पिऊन ओलेच राहते.

अंधाराचे काय?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे करतात. डिसेंबरच्या मध्यावर लंडनला सूर्य उगवतो आठच्या सुमारास आणि चार वाजण्यापूर्वीच मावळतो. म्हणजे सकाळ-संध्याकाळचे फिरणे अंधारातच होते. काळा किंवा गडद निळा कोट चिखल लपवतो खरा, पण माणसालाही लपवतो. मोटारचालकाला आपण दिसलो पाहिजे. कोटावर प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या असाव्यात. नसतील तर रस्त्यावरचे कामगार घालतात तसले चमकते जाकीट वरून चढवावे. ते अगदी थोड्या पैशांत मिळते. ते घालण्यात कमीपणा तो कसला?

पैशांचा हिशेब

एक पौंड म्हणजे आज १०० रुपयांहून अधिक. त्यामुळे किंमत ऐकून आईवडिलांची छाती दडपते. पण थोडी माहिती असली की पैसे वाचतात.

नाताळ संपताच, २६ डिसेंबरपासून तिकडे मोठे सेल लागतात. थांबणे शक्य असेल तर थांबावे. ज्यांना ऑक्टोबरातच जावयाचे आहे त्यांनी धर्मादाय संस्थांची दुकाने पाहावीत. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन अशा संस्थांच्या दुकानांत लोकांनी दान दिलेले चांगले कोट अल्प किमतीत मिळतात. जुना कोट घेताना शिवणीवरची पट्टी सुटली आहे का, आतला थर पापुद्र्यासारखा निघतो आहे का, हे तेवढे तपासावे.

आणखी एक युक्ती. त्या देशात मोठ्यांच्या कपड्यांवर २० टक्के कर आहे, लहान मुलांच्या कपड्यांवर तो शून्य आहे. पाच फुटांच्या आसपास उंचीच्या, सडपातळ आपल्या कितीतरी भगिनींना १३-१४ वर्षांच्या मुलांचा कोट नेमका बसतो. मुलांच्या विभागात जाऊन पाहावयाला काय हरकत आहे?

धुताना घ्यावयाची काळजी

नवीन कोटावर पाणी मोत्यासारखे घरंगळते. काही महिन्यांनी कापड पाणी पिऊ लागते आणि लोक म्हणतात, कोट बिघडला. बहुधा तो मळलेला असतो, एवढेच. आतील लेबल वाचून, त्यासाठी मिळणाऱ्या खास द्रवाने तो धुवावा. कपड्यांना मऊपणा व सुवास आणणारे द्रव मुळीच घालू नये. त्याने पाणी झटकण्याचा गुण जातो. लेबलावर परवानगी असेल तर वाळवणीच्या यंत्रात मंद आचेवर फिरवावा, त्या उष्णतेने तो गुण पुन्हा जागा होतो. तेवढ्याने भागले नाही तर जलरोधक लेप बाटलीत मिळतो.

कोट कपाटासाठी नाही

शेवटी मुख्य मुद्दा. आपल्या मागच्या पिढीने डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन नाहीतर इरले पांघरून भर पावसात दुसऱ्याच्या शेतात लावणी केली. वस्तू जपून वापरण्याची सवय त्यातूनच आली. ती सवय वाईट नाही. पण मुलाने घामाच्या पैशांतून घेतलेला कोट "चांगला आहे, खराब होईल" म्हणून कपाटात टांगून ठेवावयाचा आणि जुनी शाल लपेटून कुत्र्यामागे पावसात जावयाचे, ही काटकसर नव्हे. कोट मळला तर धुता येतो, फाटला तर दुसरा घेता येतो. परक्या देशात छातीत सर्दी भरून म्हातारी आई अंथरुणाला खिळली तर तिचे काय, आणि रजा काढून उशाशी बसणाऱ्या लेकाचे काय?

मुलामुलींनाही एक सांगणे आहे. आईबाबांच्या तिकिटाचे पैसे भरता, तेव्हाच त्यांच्या कोटाचेही पैसे बाजूला ठेवा. त्यांना दुकानात बरोबर न्या, माप त्यांच्या अंगावर घ्या आणि आठवडाभर त्यांच्यासोबत फिरायला जाऊन रस्ता दाखवा. ज्या दिवशी वारा फार असेल, रस्त्यावर बर्फ असेल, त्या दिवशी कुत्र्याची दोरी स्वतःच्या हाती घ्या. आईबाबांना मात्र घरात उबेला बसू द्या.