माळ उतरवलेल्यांचा इतिहास

सत्य भारती या नावाच्या अमेरिकन संन्यासिनीने एकाच गुरूवर तीन पुस्तकं लिहिली. ‘ड्रंक ऑन द डिव्हाइन’ १९८० सालचं, ‘डेथ कम्स डान्सिंग’ १९८१ सालचं. पुण्याचा आश्रम, तिथली ध्यानं, सकाळची प्रवचनं, सगळं भारावलेल्या लेखणीतून उतरलेलं. तिसरं पुस्तक, ‘द प्रॉमिस ऑफ पॅराडाइज’, १९९२ मध्ये आलं, तोवर ती बाहेर पडली होती. माणसं तीच, आश्रमही तोच, हिशेब मात्र नव्याने मांडलेला. भगवान रजनीश यांच्या पंथाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने ही तीन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवावीत. त्यातलं खरं कोणतं, हे लगेच ठरवायला जाऊ नये. १९८० मध्ये डोळ्यांसमोर असूनही जे लिहावंसं वाटलं नाही, ते कुठे सापडतं ते बघावं.

मूळ हकीकत पुणेकरांना ठाऊक आहे, तरी उजळणी करतो. जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवणारे रजनीश १९७०च्या आसपास मुंबईत स्थिरावले. त्याच वर्षी मनालीच्या शिबिरात त्यांनी ‘नवसंन्यास’ द्यायला सुरुवात केली. २१ मार्च १९७४ रोजी कोरेगाव पार्कात आश्रम उभा राहिला. भगव्या कपड्यांतले, गळ्यात लाकडी मण्यांची माळ आणि तिला गुरूच्या फोटोचं लॉकेट घातलेले गोरे तरुण-तरुणी कॅम्पात फिरू लागले. सरकारशी करांवरून आणि जमिनीवरून वाजलं. २२ मे १९८० रोजी भर प्रवचनात एका तरुणाने सुरा फेकला. १ जून १९८१ रोजी रजनीश अमेरिकेला निघून गेले. तिथे ओरेगन राज्यातलं सुमारे ६४ हजार एकरांचं ‘बिग मडी रँच’ ५७ लाख ५० हजार डॉलरना घेतलं गेलं, आणि त्यावर रजनीशपुरम हे शहर वसलं. चार वर्षांत ते मोडलं. १९८७च्या जानेवारीत रजनीश पुण्यात परतले आणि १९ जानेवारी १९९० रोजी इथेच वारले. तोवर त्यांचं नाव ओशो झालं होतं.

एवढी चौकट वर्तमानपत्रांतूनही उभी राहते. आत काय चाललं होतं ते सांगणारे दोनच प्रकारचे लोक: आत राहिलेले आणि बाहेर पडलेले. पहिले बोलतात तेव्हा गुरूची प्रतिमा जपतात. दुसरे बोलतात तेव्हा लोक म्हणतात, ‘हे दुखावलेले आहेत, यांचं काय ऐकायचं!’ ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ ब्रायन विल्सन यांनी तर पंथ सोडलेल्यांची साक्ष सावधपणे घ्या, असं स्पष्टच लिहिलं आहे. सल्ला वाईट नाही, पण तो एकतर्फी आहे. राहिलेल्यांची साक्ष तितकीच सावधपणे घ्यायला नको का?

पहिला मोठा घाव ह्यू मिल्न यांनी घातला. हे स्कॉटिश ऑस्टिओपॅथ, आश्रमातले स्वामी शिवमूर्ती, गुरूंचे अंगरक्षक. १९८२ मध्ये ते बाहेर पडले, आणि १९८६ मध्ये ‘भगवान: द गॉड दॅट फेल्ड’ हे त्यांचं पुस्तक आलं. पुस्तकात राग भरपूर आहे, काही ठिकाणी स्वतःचं महत्त्व वाढवून सांगितल्यासारखंही वाटतं. पण अंगरक्षकाच्या जागेवरून जे दिसतं ते प्रवचनाला बसलेल्याला दिसत नाही. रजनीशांना दम्याचा आणि वासाच्या ॲलर्जीचा त्रास होता. म्हणून प्रवचनाच्या बुद्ध हॉलच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाचं डोकं हुंगलं जाई. शांपूचा किंवा साबणाचा वास आला की माणूस परत. संन्यासी आदल्या रात्री बिनवासाच्या साबणाने डोकं धुऊन सकाळी रांगेत उभे राहत, आणि परत पाठवलेला माणूस स्वतःलाच दोष देत घरी जाई. शिस्त कशी मुरवली जाते, हे या रांगेतून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही सिद्धांतातून कळत नाही. आणि हा तपशील भक्तांच्या आठवणींतही आहे. फक्त तिथे तो कौतुकाने येतो.

असे दोन्हीकडून जुळणारे तपशील हाच या इतिहासाचा पाया आहे. सूर वेगळा असला तरी वस्तुस्थिती एक असेल, तर ती धरून ठेवावी.

हे जुळवणं बोलायला सोपं आहे. पहिली अडचण नावांची. संन्यास घेतला की नाव बदलायचं. कोर्टाच्या कागदांवर एक नाव, लोकांच्या आठवणीत दुसरं. रजनीशपुरमचे महापौर कृष्ण देव म्हणजे सरकारी साक्षीदार डेव्हिड नॅप. गुरूंचे डॉक्टर स्वामी देवराज म्हणजे जॉर्ज मेरेडिथ, आणि पुढे हेच अमृतो. शांती भद्रा म्हणजे जेन स्टॉर्क. ही सांगड घातल्याशिवाय एकाची आठवण दुसऱ्याच्या साक्षीला लागूच होत नाही. इथे एक अनपेक्षित साधन कामी येतं, ते म्हणजे आश्रमाने स्वतःच छापलेल्या ‘दर्शन डायऱ्या’. संध्याकाळच्या दर्शनात रजनीश कोणाला काय नाव देत, त्याचा अर्थ काय सांगत, समोरचा काय विचारी, हे सगळं टिपून पुस्तकं निघत. भक्तीपोटी ठेवलेल्या या नोंदी आज हजेरीपटासारख्या वापरता येतात.

आता ओरेगनकडे. १९८४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘द डॅल्स’ या छोट्या गावात ७५१ माणसांना साल्मोनेलाची बाधा झाली. दहा रेस्टॉरंटांतले सॅलड बार त्याचं मूळ. मृत्यू कोणाचा झाला नाही, पण ४५ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. काउंटीच्या निवडणुकीत स्थानिक मतदार घरी बसावेत, यासाठी रजनीशपुरमच्या काही संन्याशांनी केलेली ती रंगीत तालीम होती. त्या वेळी आरोग्य खात्याने स्वयंपाक करणाऱ्यांच्या अस्वच्छ हातांवर खापर फोडलं. जिम वीव्हर या खासदाराने १९८५च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या संसदेत उभं राहून रजनीशांच्या अनुयायांवर बोट ठेवलं, तर लोकांनी त्यालाच पूर्वग्रहदूषित ठरवलं.

खरं बाहेर आलं ते आतून. १९८५च्या सप्टेंबरच्या मध्यावर रजनीशांची सचिव मा आनंद शीला आणि तिचे जवळचे लोक युरोपला निघून गेले. १६ तारखेला रजनीशांनीच पत्रकारांना बोलावून तिच्यावर विषप्रयोगाचे, चोरून संभाषणं ऐकल्याचे आरोप केले. पोलीस आत शिरले. शीलाच्या घराखाली भुयार आणि गुप्त खोली सापडली, ठिकठिकाणी संभाषणं टिपणारी यंत्रणा सापडली, आणि प्रयोगशाळेत त्याच साल्मोनेलाची कुपी. मग एकेक संन्यासी साक्षीला उभा राहू लागला. या विषबाधेवरचा सविस्तर वैद्यकीय निबंध मात्र १९९७ पर्यंत छापला नाही. वाचून कोणी अनुकरण करील, ही भीती. म्हणजे बारा वर्षं या प्रकरणाचा सगळ्यात पक्का दस्तऐवज कपाटातच होता.

साक्षींमधली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एका साक्षीदार संन्यासिनीच्या सांगण्यानुसार, ओरेगनमध्ये टिकून राहायचं तर माणसं मारावी लागतील का, यावर बैठक चालू होती. काही जण कचरत होते. शीला गुरूंकडे जाऊन आली, आणि तिने त्यांच्या बोलण्याची टेप लावली. टेप नीट ऐकू येत नव्हती. मग ती उतरवून काढून, गुरूंचं म्हणणं काय ते सगळ्यांना सांगण्यात आलं. खरखरणारी टेप, आणि तिचा अर्थ सांगणारी दुसरीच माणसं! गुरूला किती माहीत होतं, हा या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रश्न त्या खरखरीत अडकून पडला आहे. रजनीशांवर शेवटी सिद्ध झालं ते फक्त इमिग्रेशनच्या फसवणुकीचं. गुन्हा कबूल न करता शिक्षा मान्य करण्याची तिकडे जी सोय आहे तिचा त्यांनी आधार घेतला, चार लाख डॉलर दंड भरला आणि देश सोडला. शीलाला १९८६ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात ती २९ महिने तुरुंगात होती. ‘डोन्ट किल हिम!’ या २०१२ सालच्या पुस्तकात ती आपली बाजू मांडते. ती वाचताना एवढं लक्षात ठेवावं, की ज्यांना तिने कामाला जुंपलं त्यांची मनं त्या पुस्तकात फारशी दिसत नाहीत.

ती दिसतात जेन स्टॉर्क यांच्या ‘ब्रेकिंग द स्पेल’मध्ये. माझ्या मते या सगळ्या साहित्यातलं हे सर्वांत प्रामाणिक पुस्तक. पश्चिम ऑस्ट्रेलियातली ही गृहिणी नवरा-मुलांसह पुण्याला आली. ६ जुलै १९८५ रोजी, उत्सवाच्या गर्दीत, तिने स्वामी देवराजांना विषारी इंजेक्शन टोचलं. ते वाचले. तिने गुन्हा कबूल केला, जवळजवळ तीन वर्षं तुरुंगात काढली आणि मग जर्मनीत राहिली. सरकारी वकील चार्ल्स टर्नर यांच्या हत्येच्या कटाचा आरोप तिच्यावर बाकी होता. त्यामुळे जर्मनीबाहेर पाऊल टाकणं अवघड. ऑस्ट्रेलियात मुलगा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळला, तेव्हा २००५ मध्ये ती स्वतःहून ओरेगनच्या न्यायालयापुढे गेली. न्यायालयाने भोगलेली कैद पुरेशी मानली. पुस्तक त्यानंतरचं, २००९ सालचं. त्यात ती गुरूवर किंवा शीलावर सगळं ढकलून मोकळी होत नाही. सुई माझ्या हातात होती, हे ती सांगते.

मुलांचं सांगणं सगळ्यात उशिरा आलं, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. कुटुंब हा पिंजरा आहे, मूल सगळ्या कम्यूनचं, अशी शिकवण होती. पुण्यात आणि ओरेगनमध्ये अनेक बायकांनी नसबंदी करून घेतली, त्यातल्या काही आजही त्याबद्दल कडवटपणे लिहितात. जी मुलं आधीच होती ती आईबापांपासून दूर, मुलांच्या वेगळ्या घरांत वाढली. टिम गेस्ट हा इंग्रज मुलगा, आश्रमातला ‘योगेश’, पुणे, सफोकमधलं मेदिना, ओरेगन आणि कोलोन अशा कम्यूनांतून फिरत मोठा झाला. ‘माय लाइफ इन ऑरेंज’ हे त्याचं पुस्तक २००४ मध्ये आलं. ते आईविरुद्धचं आरोपपत्र नाही. आई दिसावी म्हणून वाट बघणाऱ्या पोराची ती गोष्ट आहे. २००९ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तो गेला. त्याच २००४ मध्ये मारोएशा पेरिझोनियस या डच दिग्दर्शिकेने, स्वतः कम्यूनमध्ये वाढल्यामुळे, ‘कम्यूनकिंड’ हा माहितीपट केला. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, ‘चिल्ड्रेन ऑफ द कल्ट’ आला. तोही तिच्या सहदिग्दर्शनातला. अल्पवयीन मुलींचं मोठ्या पुरुषांकडून झालेलं लैंगिक शोषण त्यात त्या मुलींनीच, आता पन्नाशीला आलेल्या बायकांनी, कॅमेऱ्यासमोर सांगितलं. याच सुमारास, अशाच कम्यूनमध्ये वाढलेल्या सरितो कॅरल यांचं आत्मकथनही आलं. मधल्या काळात, २०१८ मध्ये, ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ या सहा भागांच्या मालिकेने जगभर धुरळा उडवला होता. ओरेगन हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहातलं दुर्मीळ चित्रीकरण वापरलेली, बघताना उठू न देणारी मालिका. पण मुलं त्यात जवळजवळ नाहीतच, आणि पुणं नुसतं तोंडी लावण्यापुरतं. जे चित्रित झालं होतं तेवढंच मालिकेत आलं. मुलांच्या घरात कॅमेरे कोण नेणार?

आता पुण्याचं बघू. रजनीशांच्या मृत्यूवर आणि त्यानंतरच्या कारभारावर वाद घालणारे बहुतेक जण माळ उतरवलेले नाहीत, ते अजूनही ओशोंचे शिष्य म्हणवतात. २०१३ मध्ये युरोपातल्या ट्रेडमार्कच्या वादात १९८९ सालचं म्हणून एक मृत्युपत्र पुढे आलं. सही खोटी असल्याची तक्रार झाली आणि पुण्यात गुन्हा नोंदला गेला. मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टर-शिष्याने पंचवीस वर्षांनी प्रतिज्ञापत्र केलं. आपल्याला दुपारी बोलावलं, ताटकळत ठेवलं, आणि संध्याकाळी हृदयविकार असं कारण लिहायला सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. पुण्याचे पत्रकार अभय वैद्य यांनी ‘हू किल्ड ओशो?’ या २०१७ सालच्या पुस्तकात हे सगळं एकत्र केलं. शीर्षक भडक आहे, पण शहरात राहून कागद गोळा करणारा माणूस काय करू शकतो हे त्यावरून दिसतं.

बाकी आपल्याकडे काय आहे? विनोद खन्ना सिनेमा सोडून गुरूंच्या बागेत राबला, महेश भट्ट यांनी माळ फेकून दिली, अशा सिनेमासिकांतल्या गोष्टी. हा इतिहास आजवर लिहिला गेला तो मुख्यतः इंग्रजीत, बहुतेक परदेशातून आलेल्यांकडून, आणि त्यात मराठी माणूस येतो तो रिक्षावाला, पोलीस किंवा सुरा फेकणारा म्हणून. आश्रमात संन्यास घेतलेले मराठी तरुण होते, त्यांच्या घरांत त्यावरून महाभारतं झाली. आश्रमात कामाला जाणाऱ्या बायका होत्या. संन्याशांना खोल्या देणारे घरमालक होते, त्यांना तपासणारे डॉक्टर होते. नदीकाठच्या घाटावर नाचत-गात निघणाऱ्या संन्याशांच्या अंत्ययात्रा बघणारे शेजारी होते. यांच्या आठवणी या पुस्तकांत सहसा सापडत नाहीत, आणि ही मंडळी आता सत्तरीच्या पुढे आहेत.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात कोणी १९७४ ते १९८१ या काळात त्या आश्रमाशी कोणत्याही नात्याने जोडलेलं असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. नावं, तारखा, पत्ते विचारा. ते भक्त आहेत की नाराज, याची चिंता करू नका. जुनी पत्रं, भाडेपावत्या, फोटो, प्रवचनांच्या कॅसेट माळ्यावर असतील, तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका.