शस्त्रक्रिया आणि रक्तातील दाहाची खूण

नेरूळ व सानपाडा यांच्या मधली जुईनगर ही नवी मुंबईतील वसाहत. येथील रहिवाशांना शस्त्रक्रियेसाठी वाशी-नेरूळची रुग्णालये जवळ पडतात. गावाकडचा रुग्णही पुष्कळदा अशाच एखाद्या नातलगाच्या घरी उतरून तेथे जातो. त्याच्या हाती येणाऱ्या तपासणीच्या कागदावर ‘सी.आर.पी.’ ही तीन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ विचारण्याचा संकोच कोणी करू नये.

सी.आर.पी. म्हणजे यकृतात तयार होणारे एक प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते आढळले. शरीरात कोठेही दाह सुरू झाला की त्याचे प्रमाण काही तासांतच वाढू लागते. निरोगी माणसात ते सामान्यतः दर लिटरला १० मिलिग्रॅमहून कमी असते.

शस्त्रक्रिया ही स्वतःच एक जखम असल्याने त्यानंतर हा आकडा चढणारच. दोन-तीन दिवसांत तो शिखर गाठतो व मग उतरू लागतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही. खरी चिंता तो उतरत नसल्यास, किंवा उतरून पुन्हा चढल्यास. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी तो १५० च्या वर राहिला, तर टाका सुटून आत गळती झाली असावी असा संशय डॉक्टर घेतात. गळती वेळीच लक्षात आली नाही तर जंतुदोष रक्तात पसरतो आणि मृत्यू ओढवू शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वीच सी.आर.पी. अधिक व अल्ब्युमिन कमी असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त असते, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. मात्र हा आकडा मृत्यूचे कारण नव्हे; धूर पाहून आगीचे अनुमान करावे, तसा तो आहे. नुसता धूर हटवून आग विझत नाही. शिवाय सर्दी-तापातही तो वाढतो. म्हणून एकट्या आकड्यावरून शस्त्रक्रिया नाकारणे किंवा रुग्णाला धीर सोडावयास लावणे, दोन्ही चूक.

घरी परतलेल्या रुग्णाला पुन्हा ताप आला, पोट फुगले, धाप लागली किंवा लघवी कमी झाली, तर आठवड्याच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्यावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. जाताना आधीचे सर्व अहवाल बरोबर असावेत. जुना आकडा समोर असला, तरच नवा चढता की उतरता हे डॉक्टरांना कळते.