मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा दोन

लेक किंवा नातू लंडनला असलेल्या घरात तिकीट आलं की हा प्रश्न निघतोच : जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना नऊच्या आसपास, असं का? अंतर तर तेवढंच आहे.

आहे खरं. सुमारे ७,२०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ दक्षिण इराण, इराक अशी जाते. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो बराच उत्तरेला सरकतो : कराचीच्या बाजूने पूर्व इराण, मग जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या जवळून काळ्या समुद्राचा काठ, युक्रेन, जर्मनी. हाच सर्वांत जवळचा रस्ता आणि ७,२०० हा आकडा याच दोऱ्याचा.

या दोऱ्यावरून उडता मात्र येत नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. मग वळसा आला, म्हणजे इंधन आलं, वेळ आला. एकाच मार्गावर भारतीय आणि परदेशी कंपनीच्या वेळा कधी वेगळ्या दिसतात, त्यामागे हेही असतं.

जाण्या-येण्यातल्या फरकाचा खरा मानकरी मात्र वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतात. उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या तापमानातली तफावत त्यांना जोर देते, पृथ्वीचं फिरणं दिशा देतं. हिवाळ्यात ही तफावत वाढते, तसा वाराही. समजा विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा सरासरी ८०. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ८२० उरतो, पावणेनऊ तास लागतात. येताना ९८०, साडेसात तासांच्या आत काम होतं. गंमत म्हणजे जाताना गमावलेलं येताना पुरतं भरून निघत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून सोळा तास. वाऱ्यासह आठ-दहा मिनिटं जास्तच.

हा सगळा हिशेब हवेतला. तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हललं की सुरू होतो आणि तिकडच्या गेटला लागलं की संपतो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, रांग लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागणं नवं नाही. कंपन्या हे सारं धरूनच वेळापत्रक आखतात, म्हणून उशिरा निघालेलं विमानही कधी वेळेवर पोहोचतं.

तेव्हा अंतराला वेगाने भागून आलेल्या उत्तरावर पुढचं विमान किंवा टॅक्सी ठरवू नका. तिकिटावरचा कालावधी धरा. आणि त्यावरच्या वेळा स्थानिक असतात, हेही लक्षात ठेवा : लंडन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच.